जबड्याचं इंजेक्शन थांबेल, पॉलिसीचे १२ दिवस थांबणार नाहीत

लातूरच्या एका ताईंचं पत्र आहे. कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात, पगार ४२ हजार, मिस्टरांचं औशाला कृषी सेवा केंद्र, दोन लेकरं. झोपेत दात इतके करकचून आवळतात की सकाळी जबडा धड उघडत नाही, एका दाढेचा टवका गेलाय. डेंटिस्टने ६ हजारांचं नाईट गार्ड (रात्री दातांवर घालायचं कव्हर) करून दिलं, ते महिनाभर घालून सोडून दिलं. आता संभाजीनगरच्या एका क्लिनिकने जबड्याच्या स्नायूत द्यायच्या बोटॉक्स इंजेक्शनचं पॅकेज सांगितलंय, वर्षाला ३ सिटिंग, ६६ हजार, नो कॉस्ट ईएमआय. विचारतात की ईएमआय घेऊ का ३ लाखांची एफडी मोडू? आणि शेवटी जाता जाता, "नाहीतर पॉलिसीवर लोन निघेल का? एफडी रिन्यू करायला गेले तर बँकेतल्या साहेबांनी त्यातल्या एका लाखाची चांगली स्कीम दिली, ५ वर्षं भरायचे, १० वर्षांनी डबल, मेडिकल पण आहे म्हणाले. बाँड येऊन १८ दिवस झाले."

ताई, जबड्याचं नंतर बघू, आधी तो बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, काढा. तुम्ही एफडी करायला गेलात आणि विमा घेऊन आलात, आणि हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे अटी पटल्या नाहीत असं लिहून दिलं की पॉलिसी रद्द, स्टँप ड्युटी, मेडिकल तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा चार्ज कापून बाकी पैसे परत. तुमचे १२ दिवस राहिलेत. ई-पॉलिसी आधी ईमेलवर येऊन पडली असेल तर कंपनी तिथून दिवस मोजेल, त्यामुळे इनबॉक्स आत्ताच बघा.

आता ते डबलचं. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या तक्त्याच्या फोटोत ७.५ लाखाचा आकडा आहे तो ८ टक्के परतावा धरलेल्या कॉलममधला, म्हणजे सगळं छान झालं तरचा. गॅरंटीवाला कॉलम शेजारीच आहे, तिथे ५.६ लाख दिसतात. ७.५ च धरू. ५ लाख भरायचे, १० वर्षांनी साडेसात, हे पडतं साधारण सव्वापाच टक्क्याला. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत दरवर्षी टाकले तर सव्वाआठ लाखाच्या आसपास होतात, टॅक्स जाऊन थोडे कमी. डबल कुठंय यात? विमा बघायला गेलं तर १० लाख, तुमचा दोन वर्षांचा पगार, तेवढ्यात लेकरांचं काय होणार? एवढं कव्हर तर साध्या टर्म प्लॅनमध्ये (नुसता विमा, पैसे परत नाहीत) वर्षाला काही हजारांत मिळतं.

आणि पुढच्या वर्षीचा एक लाख कुठून आणणार होता? सोयाबीनचा भाव पडला की दुकानाची उधारी अडकते हे तुम्हीच लिहिलंय, ५ हप्ते न चुकता भरणारं घर हे नाही.

मेडिकलचं तर काय बोलावं. त्यात गंभीर आजारांचा रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर) आहे, कॅन्सर, हार्ट अटॅक वगैरे, दवाखान्याचं बिल त्यातून भरलं जात नाही. म्हणजे तुमच्या घराला मेडिक्लेम नाहीच, आणि आहे या भरवशावर तुम्ही बसलाय. लोनचं उत्तर, १८ दिवसांच्या पॉलिसीवर कसलं लोन.

ब्रँचमध्ये गेलात की साहेब म्हणतील मॅडम एक वर्ष तरी चालू ठेवा, नाहीतर मी उद्या बघतो म्हणतील आणि १२ दिवस असेच घालवतील. म्हणून त्यांच्या भरवशावर न राहता थेट विमा कंपनीला ईमेल करा, ब्रँचमध्ये अर्ज देऊन कॉपीवर तारखेचा शिक्का घ्या. विमा कंपनीच्या व्हेरिफिकेशनच्या फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणालात (साहेबांनीच सांगितलं होतं ना तसं म्हणायला), त्याने फ्री लूकचा हक्क जात नाही. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल नाहीतर १५५२५५ वर तक्रार, त्याच्या पुढे पुण्याचे विमा लोकपाल.

आता इंजेक्शन. घ्यावं का नाही हे डॉक्टर सांगतील, मी पैशाचं बोलतो. असर दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत उतरतो, स्नायूचा जोर कमी होतो, आवळायची सवय जाईलच असं नाही. दात खाण्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी संस्था) हे मंजूर केलेलं नाही, डॉक्टर आपल्या अनुभवावर देतात. म्हणजे ६६ हजार एकदाच नाहीत, असंच चालू ठेवलं तर ५ वर्षांत सव्वातीन लाख, तुमची अख्खी एफडी. मेडिक्लेम असता तरी ओपीडीतलं हे इंजेक्शन त्यात सहसा बसत नाही.

त्यामुळे पॅकेज नको, एक सिटिंग २२ हजारांत पगारातून घ्या. फरक पडला तर पुढचं बघू, नाही पडला तर ४४ हजार वाचले. नो कॉस्टमध्येही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते आणि रोख भरलं तर किती हे क्लिनिक आपणहून सांगत नाही, विचारा. चावायला जोर कमी पडतो का, कडक भाकरी किती दिवस जाणार नाही, हेही विचारा. आणि त्याआधी ते नाईट गार्ड घेऊन डेंटिस्टकडे जा, टोचत असेल तर घासून देतात, दाताचे टवके वाचवायचं काम तेच करतं.

एक लाख परत आला की २५ हजारांच्या आसपास फॅमिली मेडिक्लेमला ठेवा, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये जबड्याचं लपवू नका. उरलेले एफडीत टाका, पण फॉर्म काउंटरवर भरा, साहेबांच्या केबिनमध्ये चहाला जाऊ नका.