‘टीझ’ म्हणजे नेमकं काय? चिडवणे, की छेड काढणे?

शब्दकोश उघडलात तर चिडवणे, सतावणे, थट्टा करणे, सगळं एकाच ओळीत सापडेल. दुखणं तिथंच आहे.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाच्या, पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, “बुरशी स्लाइडवर घ्या आणि दोन सुयांनी हलकेच टीझ करा.” मागच्या बाकांवर खसखस पिकली. मला हसू आलं नाही.

त्याआधी अकरावीत असताना एसटी स्टँडवर तीन मुलं रोज मागे लागायची. आधी शिट्ट्या, मग गाणी, मग एके दिवशी ओढणी खेचली. आईनं हट्टानं कॉलेजात तक्रार करायला लावली. ऑफिसातल्या बाईंनी माझं ऐकून इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात ओढणी नव्हतीच, नुसतं ‘टीझिंग’. प्राचार्यांनी वाचलं आणि म्हणाले, “चिडवतात होय? वयच असतं ते.” घरी दादाचं वेगळंच, “तू फार मनाला लावून घेतेस.”

तर सरांनी सुया चालवून दाखवल्या. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबात बुरशीचा कापसासारखा पुंजका, त्याचे धागे बघता बघता सुटे झाले. शब्दाचा मूळ अर्थ हाच. जुन्या इंग्रजीत लोकर ओढून मोकळी करणे. माणसाला सतावणे नंतर आलं. आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे, पिंजणे. पार्लरमध्ये केस फुगवायला उलटा कंगवा फिरवतात तेही टीझिंगच, आणि केस पिंजारलेत असं आपणही म्हणतो. सिनेमाचा टीझर म्हणजे थोडं दाखवून हुरहूर लावणे.

माणसांच्या बाबतीत मात्र मराठीला एक शब्द पुरत नाही, आणि ते बरंच आहे. वहिनीची करतात ती थट्टा. मित्र घेतो ती फिरकी. वर्गात होते ती टिंगल. व्यंगावरून बोललात तर कुचेष्टा. आणि ओढणीला हात घातला की पोलिसांच्या भाषेतही तो विनयभंग. ‘ईव्ह-टीझिंग’, म्हणजे बायकांची छेड काढणे, हे आपल्याच उपखंडाचं इंग्रजी. तामिळनाडूनं १९९८ साली केलेल्या कायद्याच्या नावातच तो शब्द होता, पुढे तो काढून ‘छळ’ या अर्थाचा घातला. उगाच नाही काढला.

हां, इंग्रजीत प्रेमानं चिडवणे हाही अर्थ रोजच्या वापरातला आहे. मुलांच्या गृहपाठासाठी विचारत असाल तर ‘चिडवणे’ लिहा, चालेल. तक्रार लिहायची असेल तर मराठीत लिहा. शब्द शोधत बसू नका. कोणी काय केलं, कुठे हात लावला, ते लिहा. आणि सही करण्याआधी वाचून घ्या. मी घेतलं नव्हतं.

दादा, तू इथं माझी उत्तरं वाचतोस ते मला माहीत आहे. ओढणीची पिन तुटून खांद्यात घुसली होती. आईनं हळद लावली तेव्हा तू तिथंच जेवत होतास.