न आलेला सुळा आणि त्याभोवतीची गाठ

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची. वरचा उजवा सुळा अजून आलेला नाही आणि त्याच बाजूला नाकाशेजारी गाल जरा फुगलाय. दुखत काही नाही. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) बघून डॉक्टर ‘ट्यूमर’ म्हणाले, तुकडा तपासायला सांगितलाय. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. काय करू?
– एक आई, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, सांगलीत नवा दवाखाना थाटला तेव्हा मीही एका आईसमोर असाच ‘ट्यूमर’ म्हणून मोकळा झालो होतो. ती माउली तिथेच फरशीवर बसली. तेव्हापासून मी ‘गाठ’ म्हणतो. मुलांच्या जबड्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. 2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका 17 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 232 दात काढले, ती बातमी आठवते? तीही साधीच गाठ, ओडोन्टोमा.

तुमचं वर्णन वाचून मला दोन नावं सुचतात : डेंटिजेरस सिस्ट, म्हणजे अडकलेल्या दाताभोवतीची पाण्याची पिशवी, नाहीतर एओटी (अॅडेनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर), म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींची साधी गाठ. सिस्ट दाताच्या मानेला धरून असते. एओटी बरेचदा मुळालाही वेढते आणि तिच्यात रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. ओपीजीत ते निसटतात, म्हणून सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) सांगितला तर करून घ्या. दोन्ही गाठी तोंडाच्या आतून, हिरडी उचलून निघतात. गालावर व्रण राहत नाही. एओटी तर जाड सालीसकट अख्खी सुटते. चिरून पाहिली की आत तो हरवलेला सुळा, कोवळ्या मक्याच्या दाण्यासारखा. ती पुन्हा सहसा होत नाही.

मग तुकडा कशाला? ती अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ तर नाही ना, हे बघायला. तीही कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरते आणि थोडी मागे राहिली तरी काही वर्षांनी परत येते. बहुधा खालच्या जबड्यात, अक्कलदाढेपाशी होते. तरी नाव पक्कं कळल्याशिवाय किती कापायचं हे ठरवणार कसं?

आणि सासूबाईंना सांगा, अशा गाठी सुईने पसरत नाहीत. सुईने आधी आत काय आहे ते ओढून बघतात. नुसतं रक्तच भरभर आलं तर डॉक्टर तिथेच हात आवरतात. तासगावच्या एका मुलाला घरच्यांनी आठ महिने हळद-चुन्याचा लेप लावला. माझ्याकडे आणला तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

दुधाचा सुळा अजून तोंडात आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर अहवाल हातात येईपर्यंत कुणाला तो उपटू देऊ नका.