लाकडाची पण डिग्री असते का?

प्रश्न: मी वडोदऱ्यात बीएससीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मेन केमिस्ट्री, आधी फिजिक्स-मॅथ्स पण होतं. काकांचा फर्निचरचा कारखाना, त्यामुळे लहानपण भुश्शातच गेलं. मला वुड सायन्स करायचंय. आजोबा म्हणतात सुतारकीला कसली डिग्री! आणि नोकरी फक्त जंगलखात्यातच मिळते का? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: आजोबांचं अर्धं बरोबर आहे रे. रंधा मारायला डिग्री लागत नाही, ते काकांच्या कारागिरांकडूनच शीक. पण पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर मे महिन्यात खडखडतो तो का, हे त्यांना विचार, म्हणतील लाकूड फुगलं, आणि किती फुगणार ते आधी सांगता येईल का विचारलंस तर हसतील. ते आधी सांगणं म्हणजे वुड सायन्स. ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड आक्रसायला लागतं, त्याच्या वर कितीही पाणी असू दे माप हलत नाही. आणि खोडातल्या वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ते जितकं आक्रसतं ते वलयांच्या आरपार आक्रसण्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून तर फळी वाकते.

आधी एक कर. लाटीतून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, ताज्या कापलेल्या लाकडाचा काडेपेटीएवढा तुकडा आण, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन घे, मग कॉलेजच्या ओव्हनमध्ये 103 डिग्रीला ठेव, वजन उतरायचं थांबेपर्यंत, एक रात्र तरी जाईलच. ओला 18 ग्रॅम, सुका 10 भरला तर ओल 80 टक्के. भागायचं सुक्याने, ओल्याने नाही, त्यामुळे कधी 100 च्या वर आकडा आला तरी दचकू नको. यात मजा आली तर पुढचं वाच, नाहीतर फार्मा आहेच, वडोदऱ्यात काय कमी आहे का!

शिकायला डेहराडूनची एफआरआय, म्हणजे वन संशोधन संस्था, तिथे वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीची एमएससी आहे, एन्ट्रन्स द्यावी लागते, आणि तुझे विषय त्यांच्या अटीत बसतात का ते या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट बघून घे. बेंगळुरूला पण लाकडावर काम करणारी सरकारी संस्था आहे.

जंगलखात्याचं डोक्यातून काढ. कामं आहेत प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड), लॅमिनेट, ग्लूच्या कारखान्यांत, आणि तिथे तुझी केमिस्ट्रीच पोट भरणार. मरीन प्लायचा तुकडा टेस्टमध्ये 72 तास उकळतात, युरियाचं रेझिन, म्हणजे थर चिकटवायचा ग्लू, त्यात टिकत नाही, फिनॉलचं टिकतं. माझ्या पहिल्या नोकरीत एकदा हॉट प्रेस, म्हणजे थर गरम दाबून चिकटवायचं यंत्र, उघडला की फट्ट फट्ट आवाज, शीटवर तळहाताएवढे फोड. आठवडाभर सगळे ग्लूवाल्याला शिव्या घालत होते, आणि निघालं काय तर ड्रायर नीट चालत नव्हता, व्हिनियर, म्हणजे प्लायचे लाकडाचे पातळ थर, ओलंच आत जात होतं, वाफ कोंडून फोड. दोन पिनांचं मॉइश्चर मीटर कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं, महाग म्हणून!

घराजवळ म्हणशील तर गांधीधाम बघ, कांडल्याला परदेशी लाकूड उतरतं आणि सॉमिल तिथेच. प्लायचं मोठं काम मात्र हरियाणात यमुनानगरला. जाताना एवढं लक्षात ठेव, तिकडे सेव-उसळ मिळत नाही, मी दोन वर्षं शोधली.