शेवटची चाळीस पानं

"मॅडम, पुस्तक संपतंय म्हणून कुणी चार महिने झुरतं का हो? माझं काही बिघडलंय का?"

हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की आता पहिल्या वाक्यावरूनच ओळखू येतो. विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली जातो. म्हणून एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे बदल करून सांगते.

वय ४४. प्रेमकथांच्या एका लांबलचक मालिकेतलं पहिलं पुस्तक त्यांनी विसाव्या वर्षी वाचलं होतं. आधी काही जोडप्यांच्या गोष्टी आल्या, मग त्यांच्या मुलांच्या. आता शेवटचं पुस्तक हातात होतं, चाळीस पानं उरली होती आणि पुढे जाववत नव्हतं. घरी हसण्यावारी नेलं होतं. "अगं, पुस्तकच तर आहे," एवढंच ऐकायला मिळायचं.

पहिल्या भेटीत मी त्यांना सांगितलं, तुमचं काही बिघडलेलं नाही. आपल्याला ओळखतही नसलेल्या माणसांशी आपली जवळीक जडते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल १९५६ सालीच लिहून ठेवलंय. काल्पनिक पात्रांनाही ते लागू पडतं. आणि लोक ज्याला दुःख मानायलाच तयार नसतात, ते दुःख जास्त अवघडून बसतं, हे शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. घरातलं कुणी गेलं तर चार माणसं भेटायला येतात. पात्रं गेली तर कोण येणार? हे ऐकून त्यांचे खांदे जरा सैल झाले, पण पुस्तक काही पुढे सरकलं नाही.

जोडप्यांच्या पुढच्या पिढीपर्यंत चालणाऱ्या अशा मालिकांमध्ये असं काय असतं, हे समजून घ्यायला हवं. प्रेमकथेचा वाचकाशी एक अलिखित करार असतो: शेवट गोड होणार. एरवी तिथेच पडदा पडतो. इथे तो पुन्हा उघडतो. भांडतभांडत एकत्र आलेली जोडी वीस वर्षांनी मुलीच्या गोष्टीत मागे कुठेतरी दिसते आणि आपल्याला कळतं, यांचं टिकलं! हा दिलासा फार मोठा असतो, आणि मालिका संपली की तो मिळायचाही थांबतो. शेवट गोड होऊनही रडू येतं, ते त्यामुळे. बहुतेकांच्या बाबतीत इतकं उलगडलं तरी पुरतं. या बाईंना पुरलं नाही.

चौथ्या भेटीला मी त्यांना पुस्तक घेऊन यायला सांगितलं. कडा मऊ पडलेलं पुस्तक, आणि समासभर शिसपेन्सिलीची बारीक अक्षरं. 'हा खोटं बोलतोय.' 'आता तरी विचार तिला!' त्या चोवीस वर्षं पात्रांशी अशाच वाद घालत आल्या होत्या. खूण होती पान ३१२ वर.

"काय आहे या पानावर?"

"लग्न आहे. पहिल्या नायिकेच्या मुलीचं."

"आणि ती पहिली नायिका?"

"कोपऱ्यात खुर्चीवर बसलीय. हसतेय."

"काय म्हणते ती?"

त्यांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आल्या. "काहीच नाही. या पुस्तकात आतापर्यंत एकदाच बोललीय, पाहुण्यांना बसा म्हणते. मॅडम, हिने पहिल्या पुस्तकात सगळ्यांसमोर वडिलांना उलट उत्तर दिलं होतं! हिच्यासाठी मी ही मालिका धरली होती." आवाज चढला होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते विरहाचं नव्हतं. त्या चिडल्या होत्या.

इतके दिवस आम्ही दोघी निरोपाबद्दल बोलत होतो, आणि अडलं होतं भलतीकडेच. अशा वेळी पुढचा प्रश्न घाईने टाकायचा नाही, हे मला इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलंय. मी थांबले. मग हळूच विचारलं, "तुमच्या घरात तुमची खुर्ची कुठे आहे?"

बराच वेळ त्या पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. "कोपऱ्यातच," त्या म्हणाल्या.

माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणाऱ्या विचारधारेतली मी आहे, आणि हे मी अभिमानाने सांगते. ऑस्ट्रेलियातले समुपदेशक मायकेल व्हाइट यांचा १९८८ चा एक लेख माझा आधार आहे. 'आता निरोप घ्या' हे ऐकून थकलेल्या शोकग्रस्तांना त्यांनी उलटी वाट दाखवली. गेलेल्या माणसाला पुन्हा भेटा, म्हणाले. त्याच्या नजरेतून स्वतःकडे बघा. तोच प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला: "त्या खुर्चीतल्या बाईने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तर तिला काय दिसेल?"

"तिला दिसेल..." त्या अडखळल्या. समासातल्या अक्षरांवर नजर गेली. "तिला दिसेल की मी पेन्सिल सोडलेली नाही."

त्या दिवशी आम्ही याहून जास्त काही बोललो नाही.

तुम्हीही अशा एखाद्या पुस्तकापाशी थबकला असाल, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे, लगेच दुसरी मालिका हाती घेऊ नका. उरलेली पानं तशीच ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा, त्याला मुदत नसते. पण नेमक्या कुठल्या पानावर अडलात ते मात्र बघा. कुणाचं वाक्य राहून गेलं? कुणाकडे लेखकाने पाठ फिरवली, असं वाटतंय? उत्तर पुष्कळदा पुस्तकाबाहेर सापडतं. पुन्हा वाचायचं तर पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही, जिथे तुम्ही सगळ्यात जास्त भांडलात ते पुस्तक उघडा. झोप, भूक, काम यांवर कित्येक आठवडे परिणाम होत असेल, किंवा या दुःखाआड जुनं एखादं दुःख डोकं वर काढत असेल, तर मात्र एकट्याने सोसत बसू नका, जाणकाराकडे जा. आणि घरच्यांना एक विनंती: 'पुस्तकच तर आहे' म्हणण्याऐवजी 'कोण आवडायचं तुला त्यातलं?' एवढं विचारून बघा. उत्तर मात्र पूर्ण ऐका.

दीड महिन्याने त्या बाई आल्या. पुस्तक वाचून झालं होतं. पान ३१२ उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. खुर्चीच्या त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने एक संवाद लिहिला होता, अवतरणचिन्हांसकट: "थांबा, मला बोलायचं आहे."

पुस्तक पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी यावर नको बोलूया, मॅडम. घरी एक विषय काढायचाय. तो कसा काढावा, ते ठरवायचंय."