लसीनंतर पिल्लू सुस्त झाले तर

लस टोचल्यावर पिल्लू एक-दोन दिवस मलूल राहिले, कमी जेवले किंवा टोचलेल्या जागी हात लागताच अंग चोरू लागले, तर घाबरू नका. त्याची रोगप्रतिकारशक्ती कामाला लागल्याची ती खूण असते. शांत कोपरा, ताजे पाणी, हलके जेवण आणि सुजेवर थंड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याची पाच-दहा मिनिटे घडी, इतकेच घरगुती उपाय मी सुचवीन. माझी कुत्री त्या घडीखाली हळूहळू डोळे मिटून घेत असे. सुगंधी तेले आणि काढे मात्र कटाक्षाने टाळा, आणि माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही औषधे तर मुळीच देऊ नका, कारण ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या, धाप लागणे किंवा हिरड्या पांढुरक्या पडणे यांपैकी काहीही दिसले, तर उपाय शोधत न बसता तत्काळ पशुवैद्याकडे न्या. अशी तीव्र प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत उमटते, म्हणून लसीनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. टोचल्या जागची गाठ तीन आठवड्यांनंतरही वाढतच असेल, तर तीही दाखवा.