आठ पायांची मुंगी
परसदारचं भिंग : वाचकांचे प्रश्न

ताई, आमच्या हापूसच्या कलमावर लाल मुंग्यांची घरटी आहेत. मोबाइलला क्लिपचं मॅक्रो भिंग लावून एका मुंगीचा फोटो काढला, तो सोबत पाठवतो. चेहरा धूसर आलाय, तो स्पष्ट कसा आणायचा? ही मुंगी इतरांपासून लांब, एकटीच पानाखाली फिरत होती.
– एक वाचक, देवगड

तुमचा फोटो आधी मोबाइलवर पाहिला, मग चष्मा बदलून कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, आणि मोठ्याने हसले. तुम्हाला नाही, स्वतःला. ती मुंगी नाही हो. कोळी आहे.

पुढे उचललेल्या त्या दोन मिश्या नीट बघा. मुंगीच्या मिश्या डोक्यातून निघतात आणि मध्येच कोपरासारख्या वाकतात. तुमच्या फोटोत त्या छातीतून निघाल्यात, जिथून बाकीचे पाय निघतात तिथूनच, आणि त्यांना कोपर नाही. ते पुढचे दोन पाय आहेत. सहा पायांवर चालायचं, दोन वर धरून हलवत राहायचं, झाली मुंगी! कंबरसुद्धा खोटी आहे. कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच, पण ह्याने पुढच्या भागाला मध्ये चिमटा घेऊन त्याचे तीन करून दाखवलेत. लपवता येत नाहीत ते डोळे. धूसर असले तरी समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे काळे ठिपके दिसताहेत ना? उड्या मारणाऱ्या कोळ्यांची ती खूण. मुंगीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात.

कलमावरच्या मुंग्यांना तुम्ही ओंबील म्हणत असाल, आम्ही कुडाळकडचे हुमले म्हणतो. आपल्याच अळीला तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं शिवणारी ही जमात चावते, वर चावल्या जागी आम्ल सोडते, म्हणून पक्षी तिच्या फारसे वाटेला जात नाहीत. कोळ्याने तिचं सोंग घेतलं ते ह्यासाठी. पण खुद्द हुमल्यांच्या तावडीत सापडला तर त्याची धडगत नाही, म्हणून तो त्यांच्या शेजारी राहतो आणि त्यांच्यापासून चार हात लांबही राहतो. तुमची ‘मुंगी’ एकटी का फिरत होती, ते आता कळलं असेल. तुम्ही ते टिपलंत आणि लिहिलंत, हे मला फोटोपेक्षा जास्त आवडलं.

हसले का, तेही सांगते. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी सहायक होते, आयुष्य स्लाइड पुसण्यात आणि बेडूक मोजण्यात गेलं. तरी निवृत्तीनंतर परसात कॅमेरा घेऊन बसले तेव्हा दोन वर्षं ह्याच प्राण्याच्या नोंदीपुढे वहीत ‘हुमला, मोठ्या जबड्याचा’ असं लिहीत होते. ह्यातल्या नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे असं वाटावं. एके दिवशी माझा हात पानाला लागला आणि ‘हुमला’ धागा सोडून खाली लोंबकळायला लागला. वहीतली ती पानं अजून फाडलेली नाहीत.

आता चेहऱ्याचं. आपण किड्याला कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा टिपतो, तेव्हा अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, अकराच्या आकड्यापर्यंत बारीक केलं तरी फोटोत स्पष्ट येणारी जाडी सुमारे एक मिलिमीटर. तुमचा कोळी आठ-दहा मिलिमीटरचा. म्हणजे डोळे धरले की पोट सुटणार. दोन्ही हवं असेल तर त्याची आडवी बाजू घ्या, भिंग त्याच्या अंगाला समांतर. चेहराच हवा असेल तर डोळे धरा आणि बाकीचं सोडून द्या. फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करा. मग मोबाइल नव्हे, आपलं अंग मुंगीच्या पावलाने पुढे-मागे न्यायचं आणि डोळे चमकले की टिपायचं. वीस काढले तर एक येतो. मी फांदी डाव्या हाताच्या बोटांत धरते आणि त्याच मनगटावर कॅमेरा टेकवते, म्हणजे वाऱ्याने दोन्ही मिळून हलतात. क्लिपचं भिंग दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावं लागतं, तेव्हा श्वास बाजूला सोडा, फुंकर लागली की तो पानाआड जातो. आणि हुमले बाहीत शिरले तर ओरडायचं नाही, कॅमेरा पडतो. (अनुभव.)

मॅक्रो लेन्सच्या किमती पाहून घाम फुटला. दुसरा काही मार्ग?
– एक वाचक, इचलकरंजी

आमच्या ह्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स वीस वर्षं कपाटात पडून होती. ती उलटी करून, काही शे रुपयांच्या रिव्हर्स रिंगने माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावली. किडा जवळपास खऱ्या आकाराचा दिसतो. मात्र अॅपर्चरची रिंग लेन्सवरच असलेली जुनी लेन्स घ्या. नव्या लेन्स उलट्या लावल्या की कॅमेऱ्याशी त्यांचं बोलणं बंद होतं आणि अॅपर्चर हवं तसं ठेवता येत नाही. किड्यापासून जेमतेम चार बोटांवर जावं लागतं, तेवढी किंमत मोजायची.

वाचलेले पैसे फ्लॅशवर घाला. अॅपर्चर बारीक केलं की झाडाखाली उजेड पुरत नाही. पण नुसता फ्लॅश ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा जळका डाग उठवतो. आमचा मिक्सर आला त्या खोक्यातल्या पांढऱ्या पातळ फोमच्या दोन घड्या फ्लॅशपुढे रबरबँडने बांधल्यात. दिसतं भयंकर. पण पाठीवर मऊ उजेड पडतो आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्याचे ठिपकेही मोजता येतात.

मी नववीत आहे. दादा म्हणतो, किडा पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की हलत नाही आणि फोटो छान येतो. ठेवू का?
– एक वाचक, परभणी

नको गं. दादा म्हणतो ते खोटं नाही, किड्याचं अंग बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होतं आणि गारठला की तो सुस्तावतो. पण मग पायांची ठेवण बिघडते, मिश्या पडतात, आणि जाणकाराला फोटो बघताच कळतं. शिवाय पाचाची पंधरा मिनिटं झाली तर?

तुला फुकटचा फ्रीज सांगते. डिसेंबरात सकाळी साडेसहाला अंगणात जा. गवताच्या काडीवर चतुर असेल, डोळ्यांवर दवाचे थेंब. ऊन येईपर्यंत तो हलत नाही. ऊन आलं की आधी पंख थरथरवून अंग तापवतो आणि मग उडतो. ती थरथर सुरू झाली की तुझ्याकडे फार वेळ नाही. आणि जाताना शाल घे.

कढीपत्त्यावरच्या अळ्यांचे फोटो काढते आहे. सासूबाई रोज त्या झटकून टाकतात. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

एक फांदी मागून घ्या. आमच्याकडे तडजोड अशीच झाली: खालच्या फांद्या आमटीला, वरची माझी. सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवीगार होणारी अळी असेल, तर ती बहुधा काळ्या पाकोळीची. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना. सासूबाईंना एकदा भिंगातून तिला बघू द्या, आणि गवताच्या काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात, वासासकट. आमच्या सासूबाई ‘शी!’ म्हणून मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा कर.”

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते.
– एक वाचक, चिपळूण

घट्ट झाकणाचा डबा, आत निळ्या सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या. दाणे गुलाबी पडले की पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. तांदूळ नको, पीठ भिंगात जातं. आणि लेन्स कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका, आमची एक त्यातच गेली.