ईसीजीवर विचित्र लय दिसली, तर ती खरी की आर्टिफॅक्ट (हृदयातून न आलेली, हालचालीने वगैरे उमटलेली खोटी रेघ), हे कसं ओळखायचं?

आधी पेशंटचे हात बघा, मग कागद. मी डॉक्टर नाही, ग्राफ काढणारा तंत्रज्ञ आहे. पण हा प्रश्न माझ्या जुन्या दुखण्यावरचा आहे.

एका आजोबांना पार्किन्सन होता, उजवा हात सतत थरथरायचा. लीड म्हणजे दोन जागांमधून हृदयाकडे बघणारी एकेक रेघ. उजव्या हाताला जोडलेल्या लीड वन आणि टूमध्ये करवतीच्या दातांसारख्या लाटा आल्या, दर मोठ्या चौकटीला एक, म्हणजे मिनिटाला ३००. मशीनने वर छापलं, एट्रियल फ्लटर, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अतिवेगाने फडफडणं. नाडी ७५. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "फोर टू वन ब्लॉक," म्हणजे वरच्या चार फडफडींपैकी एकच खाली पोचते, आणि रक्त पातळ करायची गोळी लिहायला बसले.

मी म्हटलं, "सर, लीड थ्री बघा." तिथे प्रत्येक ठोक्याआधी स्वच्छ पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांची नेहमीची छोटी लाट, होती. लीड थ्री डावा हात आणि डावा पाय यांच्यातली, उजव्या हाताचा तिच्याशी संबंधच नाही. एकाच वेळी दोन लीडमध्ये फडफडणारं आणि तिसरीत शहाण्यासारखं चालणारं हृदय मी तरी पाहिलेलं नाही. पार्किन्सनचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. नेमका फ्लटरचाच वेग!

उत्तर मिळालं, "पट्टी काढणं तुमचं काम, वाचणं आमचं."

मी आजोबांना हात कमरेखाली दाबून ठेवायला सांगितला, उजव्या हाताचं इलेक्ट्रोड मनगटावरून खांद्याजवळ नेलं आणि पुन्हा ग्राफ काढला. साधी सायनस लय, म्हणजे हृदयाची नेहमीची. सरांनी गोळी खोडली आणि म्हणाले, "मघाशी लीड (वायर) सैल लावली असेल तुम्ही."

सैल नव्हती. सैल लीडने बेसलाइन, म्हणजे ग्राफची मूळ आडवी रेघ, वरखाली भटकते, असे एकसारखे दात येत नाहीत.

तुम्ही शिकाऊ डॉक्टर असाल, तर मशीनने छापलेली ओळ बोटाने झाकून वाचायला शिका, आणि पट्टी काढणाऱ्याला एकदा तरी विचारा की पेशंट त्या वेळी काय करत होता.

हो, एक राहिलंच. कंप आहे म्हणून खरी फ्लटर नसेलच असं नाही. शंका राहिली तर व्ही वन (छातीवरची पहिली लीड) नीट बघा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आणि पेशंट बेशुद्ध असेल, नाडी लागत नसेल, तर आर्टिफॅक्टचा विचार करत बसू नका.

थर्मल कागद हळूहळू पुसट होतो, म्हणून त्या दोन्ही पट्ट्यांची मी त्याच दिवशी नाव झाकून झेरॉक्स काढून ठेवली. सरांनी अजून मागितलेली नाही.